पोलमनची फळी वळवताना

नववीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न टाकतो. १८०३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची एवढी मोठी फौज आपल्या असईजवळ इंग्रजांकडून का हरली? उत्तरं ठरलेली असतात. फितुरी झाली. त्यांच्याकडे तोफा-बंदुका, आपल्याकडे ढाल-तलवार. गनिमी कावा सोडला म्हणून. आणि मागच्या बाकावरून, "एकी नव्हती सर." हे शेवटचं उत्तर आपल्याकडे कुठल्याही पराभवाला चालतं.

आमची शाळा जालना जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात. असई एसटीने तासाभराच्या आत. वर्गातल्या कितीतरी पोरांच्या मामा-मावश्या त्याच भागात राहतात. केळणा आणि जुई या दोन नद्या त्यांनी आटलेल्याही पाहिल्यात आणि पूर आलेल्याही. तरी त्या लढाईबद्दल त्यांना ठाऊक असतं ते पुस्तकातल्या चार ओळींपुरतं, आणि त्यातलंही निम्मं चुकीचं. दौलतराव शिंद्यांच्या बाजूने त्या दिवशी शंभराहून जास्त तोफा होत्या, ईस्ट इंडिया कंपनीकडे, म्हणजे इंग्रजांकडे, वीसेक. शिंद्यांचं कवायती पायदळ दहा हजारांच्या वर होतं, युरोपीय पद्धतीने शिकवलेलं, बंदूक-संगीन घेतलेलं. ढाल-तलवार विरुद्ध तोफ हा हिशेब तिथे बसतच नाही. फळ्यावर हे आकडे लिहून झाले की पोरं ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत पुन्हा "एकी नव्हती" लिहितात. म्हणून ही लढाई मैदानात करून बघायची ठरवली.

आधी काय करायचं नाही ते ठरवलं. फेटे नाहीत, पुठ्ठ्याच्या तलवारी नाहीत, संवाद पाठ करणं नाही. गॅदरिंगला आम्ही तसली नाटकं खूप बसवलीत, त्यात पोरं दिसतात छान, पण त्यांच्या डोक्यात फक्त संवाद राहतात. इथे प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची, आणि तिच्यावर त्या माणसाला त्या वेळी जेवढं कळलेलं होतं तेवढंच लिहायचं. निर्णय त्यावरून घ्यायचा.

प्रमाण ठरवलं, एक पोरगं म्हणजे पाचशे माणसं. कंपनीची नदीपार गेलेली फौज साधारण साडेचार हजार, म्हणजे नऊ जण. शिंद्यांचं कवायती पायदळ १०,८०० च्या आसपास, म्हणजे बावीस. असई गावात दबा धरून बसलेलं भोसल्यांचं बिनकवायती पायदळ बरंच मोठं होतं, तिथे प्रमाण सोडून चार पोरं बसवली. राहिलं घोडदळ, तीस-चाळीस हजारांचं. तेवढी पोरं अख्ख्या शाळेत नाहीत. मग घरून जुन्या चपला आणायला सांगितल्या आणि साठ-सत्तर चपला ओळीने मांडल्या, एक चपल म्हणजे पाचशे स्वार. उरलेल्यांना बैल, वाटाडे, ताशेवाले आणि बाजारबुणगे केलं. बैल व्हायला कोणी तयार नव्हतं.

नऊ जणांची वाटणी करतानाच पहिला गोंधळ झाला. दोन जण म्हणजे ७४वी आणि ७८वी या स्कॉटिश हायलँडर पलटणी. दोन जण घोडदळ, त्यातही गोऱ्यांचं एकच रेजिमेंट, बाकीची मद्रासची देशी. उरलेले पाच जण मद्रासचे शिपाई, तमिळ-तेलुगू मुलखातले. "म्हणजे सर, इंग्रजांत इंग्रज दोन-अडीचच?" एकीने विचारलं. मी म्हटलं, अजून थांब. नदीच्या दक्षिणेला दहा चपला वेगळ्या मांडल्या, त्या म्हैसूरच्या आणि पेशव्यांच्या स्वारांच्या, कंपनीच्या बाजूच्या. पेशवे वसईच्या तहाने, ३१ डिसेंबर १८०२ ला, आधीच कंपनीच्या पदराखाली गेले होते. आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींतले शिपाई बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले, त्यांचा सेनापती अँथनी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन, पूर्वी कंपनीच्याच चाकरीत असलेला. काही पलटणी उत्तरेतल्या सरधन्याची जहागीर सांभाळणाऱ्या बेगम समरूच्या. बेगम स्वतः तिथे नव्हती असं सांगितल्यावर तीन मुली हिरमुसल्या. "आपले कोण मग?" हा प्रश्न मी वर्गात इतकी वर्षं विचारला नव्हता, त्या दिवशी तो पोरांनीच मला विचारला. मी उत्तर दिलं नाही. बैल ठरवायचे होते.

बंदुकीची कवायत सर्वात जास्त रंगली. झाडूचे दांडे म्हणजे बंदुका, सायकलच्या चाकाच्या तारा म्हणजे नळीत दारू-गोळी ठासायचे गज. काडतूस कोऱ्या कागदाच्या पुंगळीचं, आत ज्वारीचं पीठ आणि चिंचोका. कागद दाताने फाडायचा, चिमूटभर दारू बाजूच्या वाटीत, झाकण बंद. दांडा उभा, उरलेली दारू नळीत, गोळी, वरून कागद, गजाने ठोकायचं. गज जागेवर, घोडा मागे, खांद्याला, चाप. शिकलेला शिपाई हे मिनिटाला दोन-तीनदा करायचा. आमच्या पोरांना पहिली गोळी भरायलाच मिनिटभर लागलं आणि वर्गभर पीठ झालं. दोघांनी पीठ खाल्लं. एकाने घाईत गज नळीतच ठेवून चाप ओढला. खऱ्या लढाईत हे व्हायचं, गज गोळीसारखा उडून जायचा आणि मग ती बंदूक म्हणजे नुसता सोटा. त्याला सांगितलं, आता तुझ्याकडे फक्त संगीन. तो चिडला, पण पुढे दर वेळी गज जागेवर ठेवताना त्याची जीभ बाहेर यायची.

मग टेपने नव्वद मीटर मोजले. एवढ्या अंतराच्या आत आल्याशिवाय त्या बंदुकीने रांगेवर मारा करूनही फारसा उपयोग नसायचा. मैदानाच्या त्या टोकाला एकजण उभा केला. त्याच्या शर्टाची बटणं मोजता येत नव्हती, पण तो हसतोय का रडतोय ते दिसत होतं. पळत आला तर तुम्ही किती वेळा बंदूक भराल, असं विचारलं. पोरांनी वेळ लावून पाहिली आणि गप्प झाली. संगिनीची धास्ती का होती, रांगा का धरायच्या, सगळ्यांनी एकदम फैर का झाडायची, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

आता मैदानाची मांडणी. केळणा म्हणजे निळी नायलॉनची दोरी, जुई म्हणजे उत्तरेला दुसरी, दोन्ही पूर्वेला एकमेकींना मिळणाऱ्या. मधल्या निमुळत्या जिभेवर शिंद्यांची फौज, तोंड दक्षिणेला केळणेकडे, पाठीमागे असई. तोफा म्हणजे तेलाचे पत्र्याचे डबे, एक डबा पाच तोफांचा. गोळा म्हणजे रबरी चेंडू, तो फेकायचा नाही, जमिनीवरून घरंगळत सोडायचा, कारण तोफेचा भरीव गोळा टप्पे घेत, घसटत रांगेतून जायचा. पायाला लागला की खाली बसायचं. शत्रू अगदी जवळ आला तर कागदाचे बोळे मूठभर, म्हणजे छऱ्यांचा मारा.

कंपनीच्या नऊ जणांना आधी दप्तरं पाठीवर देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, त्याची फौज त्या दिवशी, २३ सप्टेंबर १८०३ ला, वीसेक मैल चालून मग लढायला उभी राहिली होती. दोन दिवस आधी बदनापूरला त्याने आणि कंपनीच्या दुसऱ्या फौजेच्या कर्नल स्टीव्हन्सनने दोन वेगळ्या वाटांनी जायचं ठरवलं, चोवीस तारखेला एकत्र येऊन हल्ला करायचा असा बेत होता. नळणीला पोचल्यावर त्याला कळलं की मराठी छावणी वाटली त्यापेक्षा बरीच जवळ आहे. वेलस्ली झालेल्या मुलीच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: समोर प्रचंड फौज, स्टीव्हन्सन उद्या, नदीला पाणी, वाटाडे म्हणतात जवळ उतार नाही. थांबायचं की लढायचं?

ती घामाघूम होऊन दोरीसमोर उभी राहिली. दोरीच्या या काठाला खडूने "पिंपळगाव", त्या काठाला "वारूर" लिहिलेलं. उताराचा शोध वेलस्लीने कसा लावला ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत मोठ्या कौतुकाने सांगितलेली असते: समोरासमोर दोन गावं आहेत, म्हणजे मध्ये उतार असलाच पाहिजे. मला वाटलं होतं इथे जरा विचार करावा लागेल. ती म्हणाली, "गावं समोरासमोर आहेत ना सर, मग लोक एकमेकांकडं जात नसतील का?" आणि सरळ दोरी ओलांडली. पोरांना त्यात काही हुशारी वाटलीच नाही. त्यांना दुसराच प्रश्न पडला. गाववाल्यांना उतार माहीत नव्हता हे शक्य आहे का? मग वाटाड्यांनी मुद्दाम लपवला? त्यावर एवढी वादावादी झाली की वाटाडे झालेल्या दोघांना सगळ्यांनी गराडा घातला. त्यातल्या एकाची चिठ्ठी मी नंतर वाचून दाखवली. स्टीव्हन्सनच्या वाटाड्याने त्याला आडवाटेने नेलं, तो लढाई संपल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला आणि मुद्दाम फसवलं या संशयावरून त्याने त्या वाटाड्याला फाशी दिलं. पुढच्या खेपेला वाटाडे व्हायला रांग लागली.

मला मुख्यतः जे करून पाहायचं होतं ते यापुढे होतं. वेलस्लीचा डाव सोपा होता: नदी ओलांडून पूर्वेकडून यायचं आणि दक्षिणेला तोंड करून उभ्या असलेल्या फळीच्या बगलेवर पडायचं. बगलेत सापडलेली रांग टोकापासून गुंडाळली जाते, कारण टोकाच्या दोघा-चौघांशिवाय कोणाची बंदूक तिकडे चालत नाही. पोलमनने हे ओळखलं आणि आख्खी फळी तोफांसकट काटकोनात फिरवून पूर्वेला तोंड करून उभी केली. पुस्तकात हे एका वाक्यात येतं.

आमच्या बावीस जणांना मी म्हटलं, वळा. डाव्या टोकाचा जागच्या जागी पाय आपटतोय, उजव्या टोकाचे पळतायत, मधली रांग फुगली, तुटली, दोघं आपटले. आणि उजवं टोक गोल फिरत सरळ केळणेच्या दोरीत गेलं. तोंड दक्षिणेला आणि पुढ्यात नदी, अशा ठिकाणी रांग दारासारखी फिरवताच येत नाही. पोलमन झालेला पोरगा (एरवी वर्गात कधी तोंड न उघडणारा) सगळ्यांना खाली बसवून काडीने मातीत रेघा ओढायला लागला. त्याने शेवटी पाच-पाचांचे गट पाडले. प्रत्येक गट आधी जागेवर डावीकडे वळेल, मग ओळीने आपापल्या नव्या जागेवर चालत जाईल आणि तिथे पुन्हा रांग धरेल. तोफांचे डबे मधून न्यायचे तर वाट कुठे ठेवायची, यावर आणखी भांडण. चांगली सातवी-आठवी खेप असेल, तेव्हा फळी न मोडता वळली. मैदानाच्या कडेला उभे असलेले दहावीचे पोरगे टाळ्या वाजवायला लागले.

पोलमनला हे हजारो माणसांनिशी, शत्रू चालून येत असताना करावं लागलं होतं आणि ते त्याने वेळेत केलं. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. त्या दिवसानंतर आमच्या वर्गात "त्यांची फौज कवायती, आपली नव्हती" असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

लढाईच्या दिवशी गणपती मंडळाचे दोन ताशे आणि एक ढोल आणला, धुरासाठी दोन चादरी. चादरी रांगेसमोर धरायच्या आणि ताशे सतत वाजवायचे, थांबायचं नाही. समोर फळी वळलेली पाहून वेलस्लीला आपली रांग उजवीकडे लांबवावी लागली. उजव्या टोकाच्या तुकडीचा म्होरक्या कर्नल ऑरॉक, त्याला हुकूम होता की असई गावाच्या तोफांपासून लांब राहा. आमच्या वेलस्लीने हाच हुकूम निरोप्याच्या कानात सांगितला. ताशाच्या दणक्यात ऑरॉकपर्यंत पोचलं ते "असई... तोफा... राहा". तो छाती काढून सरळ गावाकडे निघाला. त्याच्या मागे ७४वी पलटण झालेली मुलगी, तिला तर फक्त ऑरॉकची पाठ दिसत होती. तीन डब्यांतून तीन चेंडू आले. ती खाली बसली. ७४व्या पलटणीचे पाचशेच्या आसपास लोक होते, त्यातले चारशेच्या घरात त्या दुपारी मेले किंवा जखमी झाले, हे तिला तिथेच सांगितलं. ती बराच वेळ ऑरॉकवर चिडून होती. खरा ऑरॉक तिकडे का गेला याची कारणं नंतरच्या लोकांनी पुष्कळ काढली आहेत. आमच्याकडे ताशे होते.

दरम्यान कंपनीच्या तोफा मागेच अडकल्या. बैल झालेल्या चौघांना पहिल्याच माऱ्यात चेंडू लागला आणि डबे जागच्या जागी. खऱ्या लढाईतही तेच झालं, मराठी तोफखान्याने कंपनीच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज टिपले, तोफा गप्प झाल्या आणि पायदळाला तोफांच्या आधाराविना संगिनी रोखून चालत जावं लागलं. बैल होण्यात काही कमीपणा नाही हे त्या चौघांना पटलं. त्यातला एकजण घरी जाऊन आजोबांना सांगून आला, आणि आजोबांनी निरोप धाडला की भादव्यात काळ्या रानात तोफ ओढायला दोन नाही, सहा जोड्या लागतील, तुमच्या सरांना कळवा.

सर्वात मोठा तंटा पेटला तो गोलंदाजांवरून. कंपनीच्या रांगेने दक्षिणेकडच्या तोफा घेतल्या, पुढे गेली. तेवढ्यात मेले म्हणून पडलेले गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. हे चिठ्ठीत होतंच, कारण असईला हे घडलं होतं. वेलस्लीला पायदळ आणि देशी घोडदळ घेऊन मागे फिरून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. कंपनीची पोरं ओरडायला लागली, चीटिंग, चीटिंग. गोलंदाजांचं म्हणणं, तोफ सोडून पळालो असतो तर तुम्ही भित्रे म्हटलं असतं. यावर मी पंच व्हायला नकार दिला. लढाई तशीच थांबली, ताशेवालेसुद्धा थांबून भांडायला लागले.

संपल्यावर मोजदाद केली. नऊपैकी तीन बसलेले. कंपनीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. मराठी तोफा ९८ गेल्या. पाठलाग करायची ताकद कंपनीत उरली नव्हती, जखमींना पुढे अजिंठ्याच्या इस्पितळात हलवलं गेलं. आणि चपला सकाळी मांडल्या होत्या तशाच ओळीने पडलेल्या. मराठी घोडदळातल्या थोड्या स्वारांनी मध्येच ७४व्या पलटणीवर घाला घातला, तेवढं सोडलं तर त्या अफाट घोडदळाचा दिवसभर फारसा उपयोगच झाला नाही. ते पाहून पोरं जेवढी हळहळली तेवढी बसलेल्यांसाठी नाही.

मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही असईचा हत्ती आहे, हे मी सांगितल्यावर ज्याचा चुलतभाऊ सैन्यात आहे तो पोरगा म्हणाला, "म्हणजे तो हत्ती आपल्यालाच हरवल्याचा?" कोणीतरी त्याला "आपले कोण" हाच जुना प्रश्न परत विचारला. पोलमन पुढे पुन्हा कंपनीच्या चाकरीत गेला हे कळल्यावर मात्र सगळे एक झाले: फितूर! पोलमन झालेला पोरगाच त्याची बाजू घेऊन उभा राहिला. "त्यानं फळी वळवली का नाही? मग? नोकरी होती त्याची." तो एका तासात एवढं बोललेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्या फेरीला प्रत्येक गटाने एकच निर्णय बदलायचा, असा नियम ठेवला. एका गटाने पिंपळगावच्या उतारावर पहारा बसवला. वेलस्ली अडली, दिवस संपला, आणि मी स्टीव्हन्सनची चिठ्ठी उघडली: उद्या तेवढीच आणखी एक फौज येणार. दुसऱ्या गटाने चपलांना पोरं दिली, नदी ओलांडून नळणीला कंपनीच्या सामानावर घाला घातला. तिथे एक पलटण राखणीला होती, तिने चांगली झुंज दिली, पण धान्याची पोती गेली. आता वेलस्ली मागे वळेल का, यावर मतं सारखी विभागली.

तिसऱ्या, मुलींच्या गटाने चिठ्ठीवर लिहिलं होतं, "फौजेचा पगार वेळेवर द्यावा." मी म्हटलं हा निर्णय मैदानात कसा खेळणार? त्या म्हणाल्या, ते तुम्ही बघा. मग वर्गात आलो, नकाशा काढला. शिंद्यांच्या कंपूंच्या, म्हणजे याच कवायती पलटणींच्या, खर्चासाठी नेमलेला मुलूख मुख्यतः उत्तरेत, गंगा-यमुनेच्या दुआबात, अलीगढच्या आसपास. अलीगढचा किल्ला कंपनीच्या जनरल लेकने ४ सप्टेंबरला घेतला. दिल्लीजवळची लढाई ११ ला. असई २३ ला. ज्या जमिनीतून या पलटणींचा पगार निघायचा ती पोलमनने फळी वळवण्याच्या आधीच गेली होती. पोरींनी तारखा फळ्यावर लिहिल्या आणि बाकीच्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

मुख्याध्यापक म्हणतात ही लढाई गॅदरिंगला करा, पाहुणे खूश होतील. मी नाही म्हटलंय. पुढची खेप मैदानात नाहीच, वर्गात आहे: दुआबचा नकाशा, दोन जमाखर्चाच्या वह्या, एका कंपूचा महिन्याचा खर्च, आणि हे युद्ध संपवणारे डिसेंबरातले देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे दोन तह. दौलतराव व्हायला निवडलेला पोरगा रोज विचारतो, सर, मला निदान एक चपल तरी मिळेल का.